सिडनीच्या मंडईतील चिनी गाळा

गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाने आनंदमेळा भरविला, त्या वेळी पापड-कुरडयांच्या टेबलामागे बसण्याची पाळी माझ्यावर आली होती. आजवर सारा जन्म टेबलाच्या पुढच्या बाजूने व्यवहार करण्यात गेला. मागच्या बाजूने माणसे कशी दिसतात हे त्या दोन दिवसांत प्रथमच कळले. येणारा प्रत्येक जण पापड उचलून उजेडाकडे धरी, बोटांनी जाडी पाही, भाव विचारी, तोंड वाकडे करी आणि पुढे जाई. शेजारच्या आळीतले दोन सद्‌गृहस्थ तर काही एक न घेता तीनदा चक्कर मारून गेले. बायका दुकान कसे चालवितात, एवढेच त्यांना पाहायचे होते! संध्याकाळी माझे हात दुखत होते ते पैशांच्या ओझ्याने नव्हे, हे आमच्या खजिनदारबाईंना ठाऊक आहेच.

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हा अनुभव मनात ताजा होता. इतिहास वाचण्याची मला आवड आहे. पण राजेरजवाड्यांपेक्षा बाजारात बसणाऱ्या माणसांचा इतिहास मला अधिक जवळचा वाटतो. म्हणून सव्वाशे वर्षांपूर्वी, दूर ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या मंडईत फळांचा गाळा मांडणाऱ्या एका चिनी तरुणाची हकीकत येथे सांगते. त्याचे नाव क्वोक लोक.

चीनच्या दक्षिणेस, कँटन शहराच्या खाली, पर्ल नदीच्या मुखाशी सखल आणि पाणथळ मुलूख आहे. मकावच्या पोर्तुगीज ठाण्याला लागून त्यात शियांगशान नावाचा एक परगणा होता. डॉ. सन यत्‌सेन हे याच परगण्यातले, म्हणून १९२५ साली त्याचे नाव बदलून चुंगशान करण्यात आले. जमीन चांगली, पण खाणारी तोंडे फार. मुलगा हाताशी आला की त्याला समुद्रापार धाडायचे, अशी तिथे रीतच पडून गेली होती. आपल्या कोकणातली कित्येक घरे जशी मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत, तशी तिथली गावे परदेशातून येणाऱ्या पैशावर चालत. कॅलिफोर्नियात सोने सापडले तेव्हा हे लोक तिकडे गेले. १८५१ साली ऑस्ट्रेलियात सोने सापडल्याची हाकाटी झाली तेव्हा तिकडे. कॅलिफोर्निया हा त्यांच्या बोलण्यात ‘जुना सोन्याचा डोंगर’ झाला आणि ऑस्ट्रेलिया ‘नवा सोन्याचा डोंगर’.

डोंगराला सोने लागले ते थोड्यांनाच. बाकीच्यांना मार मिळाला. १८६१ साली लॅम्बिंग फ्लॅट या ठिकाणी गोऱ्या खाणवाल्यांनी चिनी लोकांच्या तंबूंवर हल्ले करून त्यांना हुसकून लावले. वरवरचे सोने आटत गेले तसे कित्येक चिनी लोक आपल्या मूळच्या विद्येकडे, म्हणजे शेतीकडे वळले. शहरांच्या कडेला, ओढ्याकाठी, कुणाला नको असलेली जमीन खंडाने घ्यायची आणि भाजीचा मळा करायचा. सिडनीच्या भोवती अलेक्झांड्रिया, बॉटनी अशा भागांत त्यांचे मळे होते, आणि शहराच्या जेवणातली पालेभाजी बहुतांशी याच मळ्यांतून येई.

क्वोक लोक १८७४ सालचा. घरची शेती होती आणि थोरला भाऊ आधीच ऑस्ट्रेलियाला गेलेला होता. १८९० च्या सुमारास, मिसरूड फुटण्याच्या वयात, हाही त्याच वाटेने निघाला. तो काळ तिकडे जाण्याला चांगला नव्हता. १८८८ साली ‘अफगाण’ नावाची आगबोट चिनी उतारू घेऊन आली, तेव्हा मेलबर्नने तिला थारा दिला नाही आणि सिडनीत तर उतारूंना उतरू देऊ नये म्हणून लोकांचा मोर्चा विधिमंडळावर चालून गेला. त्याच वर्षी, सिडनी ज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्स प्रांताने चिनी माणसावरची डोईपट्टी दहा पौंडांवरून शंभर पौंडांवर नेली. मळ्यावरच्या मजुराची ती वर्षाहून अधिक काळाची कमाई. गोरा माणूस मात्र त्याच धक्क्यावर फुकट उतरत होता.

दोनएक वर्षे या तरुणाने मळ्यावर मजुरी केली. ही मजुरी कशी होती त्याची कल्पना त्या काळच्या वर्णनांवरून येते. लाकडाच्या आणि पत्र्याच्या खोपटात पाच-सहा गडी एकत्र राहायचे. उजाडण्यापूर्वी खांद्यावर आडवी काठी, तिच्या दोन टोकांना पाण्याच्या दोन मोठ्या झाऱ्या, आणि दोन वाफ्यांमधून चालत दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंना पाणी शिंपायचे. दिवसातून अशा किती खेपा होत त्याला गणती नाही. खताला घोड्यांची लीद आणि सोनखत. या सोनखताबद्दल गोरे लोक नाक धरीत, तक्रारी करीत. आणि संध्याकाळी त्याच मळ्यातला कोबी आवडीने खात! कोबी, गाजर, सलगम, मुळे, पातीचा कांदा, कोशिंबिरीचा पाला, असे माळवे बारा महिने निघे. गड्यांपैकी एखाद्याने ते घेऊन दारोदार फिरायचे. सुरुवातीला खांद्यावर कावड, पुढे बरे दिवस आले की घोडागाडी.

या दारोदार फिरणाऱ्या भाजीवाल्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण इथे या गोष्टीत गृहिणी प्रथम येते. वर्तमानपत्रांतून चिनी माणसाला यथेच्छ शिव्या छापल्या जात होत्या, सभांतून त्याला देशाबाहेर घालविण्याचे ठराव होत होते. आणि त्याच वेळी सिडनीतली बाई आपल्या मागच्या दाराशी उभी राहून त्याच चिनी माणसाकडून मटार घेत होती. ती त्याला त्याच्या नावाने हाक मारीत नसे. सगळ्या चिनी भाजीवाल्यांना मिळून एकच नाव होते, ‘जॉन’. पण तो आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी येई, उधार ठेवी, पोरांच्या हातावर एखादे गाजर ठेवी. नाताळ आला की बांधलेल्या गिऱ्हाइकांच्या घरी पाकातल्या आल्याची चिनी मातीची बरणी भेट म्हणून देई. कधी रेशमी हातरुमाल, कधी सुकी लिची. त्या पिढीतल्या ऑस्ट्रेलियन लोकांच्या आठवणींत ही आल्याची बरणी पुन्हा पुन्हा येते. मला वाटते, विधिमंडळातल्या भाषणांपेक्षा या बरणीने चिनी माणसाची बाजू अधिक सांभाळली असेल. कायदा बदलण्याची ताकद मात्र तिच्यात नव्हती.

दारोदार विकून उरलेला आणि मोठ्या मळ्यांचा सगळा माल मंडईत जाई. सिडनीची बेलमोर मंडई १८६९ सालची, शहराच्या हेमार्केट भागात. १८९३ साली तिच्यासाठी नवी मोठी इमारत उठली. रात्रभर गाड्या येत आणि पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात सौदे होत. इथे मळेवाल्यांची अडचण अशी की भाषा येत नाही. समोरचा अडत्या इंग्रजीत भाव बोले, आपसांत काय ठरवी, कोणत्या पेटीला काय लावले आणि त्यातून आपल्या हाती काय टेकविले, याचा थांग लागत नसे. पहाटे तीनला उठून आणलेला माल सकाळी सातला कोमेजतो, म्हणून नाही म्हणण्याचीही सोय नाही. भाजीचा धंदा करणाऱ्याची ही नाडी जगात सगळीकडे सारखीच दुसऱ्याच्या हातात असते.

ही अडचण ज्याने ओळखली तो मा यिंग-प्यू नावाचा त्याच शियांगशान परगण्यातला माणूस, क्वोक लोकच्या आधी दहाएक वर्षे आलेला. त्याच्याविषयी अशी गोष्ट सांगतात, की इंग्रजी शिकण्यासाठी तो एका गोऱ्या बागवानाकडे पगार न घेता राबला. त्याची अट एवढीच, की माझ्याशी बोलावे. भाषा जिभेवर बसल्यावर तो मंडईत उभा राहू लागला आणि आपल्या लोकांचा माल आपणच विकू लागला. १८९० च्या सुमारास त्याने, जॉर्ज क्वोक ब्यू, चॉय हिंग आणि आणखी काही गाववाल्यांनी भागीत ‘विंग सांग’ नावाची फळांची पेढी काढली. क्वोक ब्यू हा आमच्या क्वोक लोकचा नातलग. मळा सोडून लोक याच पेढीवर कामाला लागला. मालाच्या पेट्या उचलणे, भाव ऐकणे, गिऱ्हाइकाचे तोंड पाहून त्याच्या मनातली किंमत ओळखणे, ही त्याची शाळा.

आणि मग १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःचे दुकान मांडले. एकट्याच्या जिवावर नव्हे. भागीदार सगळे गावाकडचे, भांडवल १,४०० पौंड, आणि नाव ‘विंग ऑन’, म्हणजे कायमचे स्वास्थ्य. व्यवस्था लोककडे आली तेव्हा त्याला तेविसावे वर्ष सरत होते. नावाचा एक विनोद इथेच सांगते. चिनी माणसाचे आडनाव आधी आणि नाव मागून. तिकडच्या कारकुनांना ते कुठले उमगायला! त्यांनी दोन्ही मिळून एकच आडनाव करून टाकले, पुढे एक इंग्रजी नाव चिकटविले, आणि क्वोक लोकचा ‘जेम्स गॉकलॉक’ झाला. त्याचा पाठचा भाऊ क्वोक चिन, तो ‘फिलिप गॉकचिन’. सख्खे भाऊ, पण कागदोपत्री आडनावे निराळी!

विंग ऑनचा मुख्य माल म्हणजे केळी. आपल्याला हे फळ इतके घरचे वाटते, की त्यात धंद्याची जोखीम कसली असे मनात येईल. पण सिडनीचा हिवाळा केळीला मानवत नाही. तिथे केळी उत्तरेकडच्या क्वीन्सलँडमधून आणि फिजी बेटांवरून आगबोटीने येत. फिजी म्हटले की आपल्याला ऊसमळ्यांवर राबणारे गिरमिटिये आठवतात; १८७९ पासून १९१६ पर्यंत हिंदुस्थानातली माणसे तिथे नेली जात होती. त्याच बेटांवरून हे चिनी व्यापारी केळीचे घड आणीत. माल हिरवाच उतरवायचा, बंद खोल्यांत पिकायला ठेवायचा आणि नेमका कोणता घड कोणत्या दिवशी बाहेर काढायचा याचा अंदाज बांधायचा. आपण आंब्याची अढी घालतो, एक दिवस चुकला तर आमरसाऐवजी काय पदरात पडते ते मी सांगायला नको. यांच्या तर हजारो घडांच्या अढ्या. आगबोट दोन दिवस उशिरा आली की वाटेतच माल काळा पडे. दोन बोटी एकदम आल्या की भाव मातीमोल. एकमेकांशी चढाओढ केली तर सगळेच बुडू, हे ओळखून विसाव्या शतकाच्या आरंभी विंग सांग, विंग ऑन आणि ताय सांग या तीन पेढ्या फिजीतल्या केळीच्या व्यापारापुरत्या एक झाल्या आणि तिथेच त्यांनी मळे धरले. शेजारी गाळे मांडून बसलेल्या, एकाच गिऱ्हाइकाला हाका मारणाऱ्या माणसांनी असे एक व्हावे, हे मला केळीच्या हिशेबापेक्षा अवघड वाटते.

गाळ्याचे आणखी एक काम होते, त्याची पाटी बाहेर नव्हती. मळ्यांवरचे गडी आपली कमाई याच दुकानात आणून ठेवीत. त्यांना परक्या बँकेत जाण्याचा धीर होत नसे, भाषाही येत नसे. दुकानदार तो पैसा वहीत लिहून घेई, हाँगकाँगमार्गे गावी पोहोचता करी, बरोबर चार ओळी लिहूनही देई. आणि गावाकडून उलट पत्र आले की ते त्याच दुकानात येऊन पडे. भाजी विकायला आलेला गडी पत्र आले का विचारायला आत डोकावे. कुणी परमुलखातच मेला तर त्याच्या अस्थी काही वर्षांनी उकरून हाँगकाँगला पाठविल्या जात, आणि तेथील तुंग वा नावाची धर्मादाय संस्था त्या ज्याच्या त्याच्या गावी पोहोचविण्याची तजवीज करी. केळीच्या दुकानाकडे एवढा विश्वास कसा आला? तर दुकानदार कोणाचा कोण, त्याचे आईबाप कोणत्या गावी राहतात, हे प्रत्येक गड्याला ठाऊक होते. वहीतली एक रक्कम जरी इकडची तिकडे झाली असती, तरी त्याच्या घरच्यांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आता ते पैसे आणि ती पत्रे ज्यांच्या हाती पडत, त्यांच्याकडे वळते. या साऱ्या इतिहासात पुरुषांची नावे आहेत, पेढ्यांची नावे आहेत, आगबोटींची सुद्धा आहेत. शियांगशानच्या खेड्यांत मागे राहिलेल्या बायकांची नावे शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. मुलगा परदेशी जाण्यापूर्वी त्याचे लग्न उरकायचे आणि सुनेला सासू-सासऱ्यांपाशी ठेवायचे, असा प्रघात होता. कधी तर मुलगा परदेशी असतानाच लग्न लागे, आणि नवऱ्यामुलाच्या जागी कोंबडा धरीत! हसू येते खरे. पण आपल्याकडेही काही घराण्यांत नवरदेवाच्या जागी खांडा पाठवून लग्ने लागली आहेत, तेव्हा फार हसायला नको. त्या सुनेने भात लावायचा, डुकरे-कोंबड्या पाळायच्या, म्हाताऱ्यांचे करायचे, आणि आठ-दहा वर्षांनी नवरा एकदा येऊन वर्षभर राहून गेला तर तेवढाच संसार. अशा बायकांना तिकडे जित्या नवऱ्याच्या विधवा म्हणत. घडोघड केळी विकून सिडनीत पैसा शिल्लक पडला तो एका हाताने पडलेला नाही. मुलांचे, म्हाताऱ्यांचे आणि शेताचे सारे ओझे दुसऱ्या कुणी तरी बिनपगारी उचलले होते म्हणून तो पडला.

मग बायकोला तिकडेच का नेली नाही? काहींनी नेली, तिकडेच जन्मलेल्या मुलींशी काहींनी लग्नेही केली. पण बहुतेकांना ते परवडण्याजोगे नव्हते आणि १९०१ नंतर कायद्याने जवळजवळ अशक्यच झाले. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सगळे प्रांत एक झाले, आणि नव्या राज्याने पहिल्याच वर्षी जे कायदे केले त्यांत परकीयांना अटकाव करणारा एक होता. त्यातली युक्ती अशी. उतारूला अधिकारी पन्नास शब्दांचा एक उतारा सांगे, आणि तो त्याने लिहायचा. भाषा युरोपातली कोणतीही, निवड अधिकाऱ्याची. माणूस इंग्रजीत हुशार निघाला तर त्याला दुसऱ्या एखाद्या भाषेत शुद्धलेखन घालायचे! आपल्या शाळेतल्या मास्तरांनी सुद्धा असे कधी नापास केले नसेल. जे आधीपासून तिकडे राहत होते त्यांना गावी जाऊन परत यायचे असेल तर सरकारकडून दाखला घ्यावा लागे, आणि त्याबरोबर समोरून व बाजूने काढलेले फोटो आणि पंजाचा ठसा. सिडनीतल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचे सुद्धा असे ठसे सरकारी दप्तरात अजून जपलेले आहेत. त्या १९०१ साली सबंध ऑस्ट्रेलियात चिनी माणसे तीस हजारांच्या घरात होती, आणि त्यांत बायका पाचशेच्या आत.

एका बाईचे नाव मात्र या कायद्यामुळेच इतिहासात राहिले. व्हिक्टोरिया प्रांतात पून गूई नावाचा एक फळांचा व्यापारी होता. उत्तम इंग्रजी बोलणारा, लोकांत मिळून-मिसळून असणारा. त्याची बायको हॅम हॉप हिला १९१० साली सहा महिन्यांच्या परवान्यावर येऊ दिले. तिला दिवस गेले म्हणून मुदत वाढली, मुलगी झाली, पुढे दुसरीही झाली. शेजारीपाजारी, चर्चचे लोक, वर्तमानपत्रे यांनी सरकारची विनवणी केली, की बाई राहू द्या. पण सरकारचा नकार कायम राहिला. मे १९१३ मध्ये हॅम हॉपला दोन्ही मुलींसह बोटीवर चढावे लागले. मुली ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या होत्या. त्या देशाला तिच्या नवऱ्याची फळे चालत होती.

हे सगळे पाहणाऱ्या मंडईतल्या गाळेवाल्यांनी आपला पैसा कुठे नेला असेल, हे सांगायला नकोच. मा यिंग-प्यू तर कायदा येण्यापूर्वीच हाँगकाँगला परतला होता. सिडनीत अँथनी हॉर्डर्न यांचे मोठे दुकान होते. तिथे शेकडो तऱ्हेच्या वस्तू एका छपराखाली, प्रत्येकीवर किमतीची चिठ्ठी, आणि लहान मुलाला पाठविले तरी तोच भाव. मंडईत घासाघीस करून दमलेल्या माणसाला ती चिठ्ठी केवढी आकर्षक वाटली असेल! ८ जानेवारी १९०० रोजी त्याने हाँगकाँगच्या क्वीन्स रोडवर ‘सिन्सिअर’ नावाचे दुकान उघडले. भांडवल २५,००० डॉलर. ठरीव भाव, विकलेल्या मालाची पावती, आणि गल्ल्यामागे बायका.

शेवटच्या गोष्टीने गाव हादरले. बायका नेमायच्या म्हणून जाहिरात दिली तर कुणीच पुढे येईना, असे सांगतात. तेव्हा मा याची पत्नी फोक हिंग-तोंग स्वतः दुकानात उभी राहिली आणि आपल्याबरोबर दोन नणंदांना घेऊन आली. ती एका धर्मोपदेशकाची मुलगी, शिकलेली. मोठ्या घरची बाई परक्या पुरुषांपुढे उभी राहून माल दाखविते, हे पाहायला लोकांची झुंबड उडाली. त्यांतल्या किती जणांनी काही विकत घेतले आणि किती जण तीनदा चक्कर मारून गेले, देव जाणे! पण दुकान नावारूपाला आले. याच फोक हिंग-तोंग पुढे १९२० साली हाँगकाँगमधील तरुण स्त्रियांच्या ख्रिस्ती संघाच्या संस्थापकांत होत्या, आणि गरिबांच्या मुली विकत घेऊन घरकामाला जुंपण्याच्या तिकडच्या चालीविरुद्धच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. परदेशातल्या भाजीच्या वखारीत नवऱ्याने मिळविलेला अनुभव आणि हिचा धीटपणा, यांतले त्या दुकानाला अधिक काय उपयोगी पडले, हा वाद मी तरी घालणार नाही. माझे उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

क्वोक लोक आणि त्याचे भाऊ यांनी हीच वाट धरली. १९०७ साली हाँगकाँगला ‘विंग ऑन’ निघाले. धाकटा चिन तिथे पुढे झाला. नंतर शांघाय. तिथल्या नानकिंग रोडच्या कोणत्या अंगाला दुकान बांधावे असा प्रश्न पडला, तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा केला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकामागे पिशवीत एक दाणा टाकायला सांगितले, अशी कथा आहे. जिकडे दाणे जास्त तिकडची जागा घेतली. खरी असो वा नसो, कथा मंडईतल्या माणसाला शोभणारी आहे. शांघायचे विंग ऑन ५ सप्टेंबर १९१८ रोजी उघडले. अगदी समोर सिन्सिअर आदल्याच वर्षी उघडलेले होते. भांडवलाचा मोठा भाग परदेशांत राहणाऱ्या चिनी लोकांनी थोडे थोडे शेअर घेऊन उभा केला होता. झाऱ्या वाहणाऱ्या गड्यांचा पैसा, तो असा नानकिंग रोडवर उंच इमारतीत जाऊन बसला. पुढे आणखी दोन मोठी दुकाने त्या रस्त्यावर झाली, तीही ऑस्ट्रेलियाहून परतलेल्या चुंगशानकरांचीच.

गल्ल्यामागच्या बायकांचा प्रश्न मात्र तिथेही सुटलेला नव्हता. १९३० नंतरच्या काळात शांघायच्या विंग ऑनमध्ये कॉंकलिन नावाच्या फाउंटन पेनांच्या काउंटरवर तरुण मुली असत. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘कॉंकलिन मिस’ असे नाव देऊन टाकले, आणि पेन घेण्याच्या निमित्ताने त्यांना पाहायला येणाऱ्यांवर विनोदी लेख येऊ लागले. मालकांचा धंदा त्याने वाढला असेल. दिवसभर उभे राहून पोट भरणाऱ्या त्या मुलींना काय वाटत होते, ते कुणी छापले नाही.

सिडनीच्या पेढीतला जॉर्ज क्वोक ब्यू हाही सहकुटुंब शांघायला आला होता. त्याची मुलगी डेझी १९०९ साली सिडनीत जन्मली. शांघायला आली तेव्हा तिला चिनी बोलता सुद्धा येत नव्हते. तिने मोटारी पाहिल्या, मेजवान्या पाहिल्या, पेकिंगच्या विद्यापीठात शिकली. १९४९ नंतर दिवस फिरले. नवरा तुरुंगात पडला आणि १९६१ साली तिथेच वारला. क्वोक घराण्याची मुलगी म्हणून तिच्या वाट्याला मजुरी आली. तिने संडास साफ केले. घरची भट्टी गेल्यावर ती ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, कोळशाच्या शेगडीवर केक करी, असे तिच्या चरित्रात आले आहे. उतारवयात ती इंग्रजी शिकवीत असे. ऑस्ट्रेलियाने ते शुद्धलेखनाचे सोंग १९५८ साली बंद केले आणि गोऱ्यांपुरता देश ठेवण्याचे धोरण १९७३ साली सोडले, पण ती शांघायमध्येच राहिली आणि १९९८ साली तिथेच वारली. तिच्या वडिलांच्या वेळी बेलमोर मंडईसाठी उठलेली ती इमारत १९२८ पासून नाट्यगृह झालेली आहे.